'बाकुमात्सु ताइयोदेन' (१९५७): याला विनोदी चित्रपट म्हणायचं का? आणि त्यातला इतिहास किती खरा?

चांदणभूल

युझो कावाशिमा यांचा 'बाकुमात्सु ताइयोदेन' नुकताच पाहिला. 'किनेमा जुनपो' या जपानी मासिकाच्या २००९ च्या सर्वोत्तम जपानी चित्रपटांच्या सर्वकालीन यादीत तो चौथा आहे. ओझू, कुरोसावा आणि नारुसे या नामवंत दिग्दर्शकांच्या लगेच खाली असलेलं हे नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं, म्हणून मुद्दाम शोधून बघितला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. साल १८६२. एदो शहराच्या (आजचं टोकियो) वेशीजवळचं शिनागावा आणि तिथला सागामिया नावाचा कुंटणखाना. साहेइजी नावाचा एक माणूस मित्रांना घेऊन येतो, रात्रभर मेजवानी झोडतो, मित्रांना वाटेला लावतो आणि मग शांतपणे सांगतो की आपल्याकडे दमडीही नाही. मालक त्याला दिवे ठेवायच्या अडगळीच्या खोलीत टाकतात. तिथून तो बघता बघता त्या घराचा सगळा कारभारच हातात घेतो. कुणाची पत्रं लिहून दे, कुणाचं भांडण मिटव, कुणाची उधारी वसूल करून आण, आणि प्रत्येक कामाचे पैसे घे. त्याच घरात चोशू प्रांताचे काही तरुण सामुराई उधारीवर राहिले आहेत आणि परदेशी वकिलात जाळायचा बेत आखताहेत.

माझे प्रश्न असे. एक, पात्रं इतकी आहेत आणि सगळी इतक्या भराभर बोलतात की पहिला अर्धा तास माझ्या हातातून निसटला. तुम्ही कुठला धागा धरून पाहिलात? दोन, वकिलात जाळणं खरंच घडलं होतं का? तीन, मला सर्वांत छळणारी गोष्ट. साहेइजी खोकतो. कुणी जवळ नसताना त्याचा चेहरा पार बदलतो. शवपेटीच्या प्रसंगात मी पोट धरून हसले, पण शेवटी तो समुद्राकाठच्या रस्त्याने पळत सुटतो तेव्हा रडू आलं. मग याला विनोदी का म्हणतात?

इतिहासवेडा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते ठामपणे देता येतं. होय, घडलं होतं. शिनागावाजवळच्या गोतेनयामा टेकडीवर ब्रिटिश वकिलातीची नवी इमारत उभी राहत होती. १८६३ च्या जानेवारीअखेरीस चोशूच्या तरुणांनी ती जाळली. जुन्या जपानी पंचांगानुसार तो बुन्क्यू पर्वाच्या दुसऱ्या वर्षाचा बारावा महिना होता, म्हणून चित्रपटात १८६२ धरलंय. इमारत अजून वापरात आली नव्हती. ताकासुगी शिन्साकु, कुसाका गेन्झुई, शिदो बुन्ता ही नावं चित्रपटात ऐकलीत ना, ती सगळी खरी माणसं, आणि सगळे विशीतले. कटाच्या वेळी ते ज्या घरी जमायचे तेही खरं होतं. सागामियाच ते. मातीच्या जाड भिंतींच्या कोठारासारखं बांधकाम असल्यामुळे लोक त्याला 'दोझो सागामी' म्हणत. १८६० साली शोगुनशाहीचा, म्हणजे सरसेनापती शोगुनच्या लष्करी राजवटीचा, सर्वोच्च अधिकारी ई नाओसुके याचा एदो किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर खून झाला, त्याचे मारेकरीही आदल्या रात्री याच घरात जमले होते.

आता यातला पुढचा भाग चित्रपट सांगत नाही, पण १९५७ च्या जपानी प्रेक्षकाला तो पाठ होता. शिदो बुन्ता म्हणजे पुढचा इनोउए काओरू, जपानचा परराष्ट्रमंत्री. वकिलात जाळणाऱ्यांत इतो हिरोबुमीही होता, तो १८८५ मध्ये जपानचा पहिला पंतप्रधान झाला. आणि वकिलात जाळून सहा महिनेही झाले नव्हते तोच हे दोघे लपूनछपून इंग्लंडला निघाले, लंडनला शिकायला! कुसाका १८६४ मध्ये क्योतोच्या लढाईत गेला. ताकासुगी १८६७ मध्ये क्षयाने गेला, वय २७. शोगुनने सत्ता सोडली ती त्याच वर्षी, पण त्यानंतर.

पैशाची बाजूही लक्षात ठेवा. १८५३ ला अमेरिकी नौदलाच्या पेरीची जहाजं आली, १८५८ ला व्यापाराचे करार झाले, १८५९ ला बंदरं उघडली. त्या काळी जपानात सोन्याचा भाव चांदीच्या पाचपट होता आणि बाहेरच्या जगात पंधरापट. परदेशी व्यापाऱ्यांनी चांदी आणली आणि सोनं उचलून नेलं. ते थोपवायला सरकारने १८६० मध्ये सोन्याचं नाणं इतकं लहान केलं की त्यातलं सोनं जेमतेम एक तृतीयांश उरलं. भाव भडकले. सागामियात ज्याच्या त्याच्या डोक्यावर कर्ज का आहे, याचं मोठं कारण हे.

काटेकोर

चांदणभूल, तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते एकच आहे, आणि ते घड्याळात आहे. माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा. डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाला पडद्यावर घड्याळ दिसलं की बाकी सगळं मागे पडतं, त्यामुळे मी हा चित्रपट त्या घड्याळाच्या मागे मागे जात पाहिला. तुम्हीही तसं करून पाहा. पात्रांचा गोंधळ आपोआप निवळतो.

अगदी सुरुवातीला, श्रेयनामावलीच्याही आधी, घोड्यांवरून जाणारे परदेशी आणि त्यांच्यामागे धावणारे सामुराई दिसतात. गोळी सुटते, पळापळ होते आणि एका सामुराईचं खिशातलं घड्याळ रस्त्यावर पडतं. ते उचलणारा माणूस म्हणजे साहेइजी. पुढे त्या अडगळीच्या खोलीत तो ते उघडून बसतो.

आता थोडं थांबून विचार करा. १८६२ च्या शिनागावात त्या घड्याळाचा उपयोग काय? वेळ बघायला तर शून्य. जपानात तेव्हा दिवसाचे चोवीस सारखे तास नव्हतेच. पहाट ते संध्याकाळ याचे सहा भाग आणि संध्याकाळ ते पहाट याचे सहा. उन्हाळ्यात दिवसाचा एक भाग आपल्या अडीच तासांच्या वर जायचा, हिवाळ्यात दोन तासांच्या खाली यायचा, आणि रात्रीचं याच्या उलट. मोजणीही आपल्यासारखी नाही. मध्यान्ह म्हणजे नऊ, मग आठ, सात, सहा, पाच, चार असे उतरत जायचे आणि मध्यरात्री पुन्हा नऊ. जपानी कारागिरांनी यासाठी स्वतःची यंत्रं बनवली होती. काहींत वेग राखणारे, दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन वेगळे दांडे एकाच यंत्रात असत, पहाटे आणि संध्याकाळी एक थांबून दुसरा सुरू होई. काहींत डायलवरचे आकडेच सरकवता येत, म्हणजे ऋतू बदलला की आकडे पुढेमागे करायचे. मी अशा यंत्रांची चित्रं आणि आकृत्या तासन्‌तास पाहिल्या आहेत. काय डोकं चाललंय त्या माणसांचं! एकसारखं चालणं हा यंत्राचा स्वभाव, आणि त्याच यंत्राकडून त्यांनी न-सारखा वेळ दाखवून घेतला. ही पद्धत १८७३ पर्यंत टिकली, त्या वर्षी नव्या सरकारने पाश्चात्त्य पंचांग आणि सारखे तास लागू केले.

म्हणजे त्या सामुराईच्या खिशातलं घड्याळ अशा देशाची वेळ दाखवत होतं जो अजून जन्माला यायचा होता. ज्या घरात ते पडून होतं तिथे वेळ कळायची ती देवळाच्या घंटेवरून. परदेशी माणूस नको, परदेशी इमारत जाळायची, आणि कमरेला परदेशी घड्याळ! ताकासुगी १८६२ मध्ये खरोखर शांघायला जाऊन आला होता. चीनची काय गत झालीय ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा राग पोकळ नव्हता, हे मला आवर्जून सांगायचंय. कावाशिमाही त्याची टिंगल करत नाही.

पण ते घड्याळ बंद पडल्यावर उघडतो कोण? साहेइजी. त्या घरात देशाचं भवितव्य बोलणारे पुष्कळ आहेत. आत काय आहे, कुठलं चाक कशात अडकलंय, हे बघायची उत्सुकता एकालाच आहे. त्या काळची बहुतेक खिशातली घड्याळं किल्लीने चालायची. किल्ली हरवली की दुसरी शोधा, आतली बारीक साखळी तुटली की जोडा. ज्याने आयुष्यात असलं यंत्र पाहिलेलं नाही त्याने ते उघडून बसणं म्हणजे केवढी हिंमत, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

आणि एकदा हे दिसलं की सगळा चित्रपट तसाच दिसायला लागतो. साहेइजी प्रत्येक माणसाला तसंच उघडतो. त्या घरातल्या दोन बड्या वेश्या म्हणजे कोहारू आणि ओसोमे. कोहारूने लग्नाच्या लेखी शपथा इतक्या गिऱ्हाइकांना वाटून ठेवल्यात की एकाच घरातले बाप आणि मुलगा दोघेही तिच्या शपथेचा कागद घेऊन भांडायला येतात. साहेइजी ती गाठ सोडवतो. ओसोमेला सणाच्या खर्चाला पैसे मिळत नाहीत, तेव्हा लाज वाचवायला ती प्रेमिकाबरोबर जीव देण्याचं नाटक ठरवते आणि बिचाऱ्या किन्झोला, तो घरोघरी पुस्तकं भाड्याने देणारा, पाण्यात ढकलते. पाणी उथळ. तो वाचतो आणि पुढे शवपेटीत मेल्याचं सोंग घेऊन दारात येतो. तुम्ही हसलात तो प्रसंग हाच. तिथेही सगळे किंचाळत पळतात आणि साहेइजी मात्र जवळ जाऊन बघतो. मोलकरीण ओहिसाचा बाप सुतार, जुगारात बुडालेला. तिला धंद्याला बसवायची वेळ आली तेव्हा ती साहेइजीकडेच येते, आणि सुटकेची मजुरी वर्षाला थोडी थोडी करून दहा वर्षांत फेडीन म्हणते. साहेइजी तो सौदा मान्य करतो! ज्या माणसाला दहा महिन्यांचा भरवसा नाही तो दहा वर्षांची उधारी देतो. मला या चित्रपटातली सर्वांत मोठी जागा ही वाटते, आणि ती इतक्या हलक्या हाताने येते की डोळा लवला तर हुकते.

त्याच सुताराकडून तो वकिलातीचा नकाशाही मिळवतो आणि सामुराईंशी त्याचा सौदा करतो. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात गेलेली आग आणि एका मोलकरणीची सुटका एकाच व्यवहारात बसवतो. त्याच्या दृष्टीने दोन्ही कामं सारख्याच वजनाची.

राहिला खोकला. त्याला फुप्फुसाचं दुखणं आहे, समुद्राची हवा लागावी म्हणून तो शिनागावात आलाय. पैसे न देता मुक्काम ठोकण्यामागे हे कारण आहे. स्वतःचं औषध तो स्वतः तयार करतो, आणि ज्या बोटांनी घड्याळ उघडलं त्याच बोटांनी. दिग्दर्शकाने हे दोन्ही त्या एकाच खोलीत ठेवलंय. शरीरही एक यंत्र, बिघडलंय तर उघडून बघू, जमेल तितकं चालवू. म्हणून मी याला बेधडक विनोदी चित्रपट म्हणतो. तुम्हाला रडू आलं ते बरोबरच आहे, पण साहेइजीला स्वतःची कीव करायला फुरसत नाही, आणि चित्रपट त्याच्या चालीने चालतो.

साहेइजी झालेला फ्रँकी साकाई मूळचा जॅझचा ड्रमर, स्वतःचा बँड चालवणारा. त्याची पावलं बघा, जिना चढतानासुद्धा ताल सुटत नाही. हाओरी, म्हणजे किमोनोवर घालायचं वस्त्र, हवेत उडवून चालता चालता तिच्यात हात घालतो तो क्षण तर मी थांबवून थांबवून पाहिलाय. एका हालचालीत वस्त्र अंगावर! त्या वर्षीचा ब्लू रिबन पुरस्कार त्याला मिळाला, आणि तो त्या हाओरीसाठीच द्यायला हवा होता असं माझं मत.

उंबरठा

काटेकोर, घड्याळाचं वाचून खूप आवडलं. पण एक गोष्ट मला टोचते. ज्या घरात हे सगळं चाललंय तिथल्या बायका विकत घेतलेल्या आहेत. शिनागावातल्या अशा बायकांची नोंद कागदोपत्री 'जेवण वाढणाऱ्या' म्हणून व्हायची. वाटसरूंच्या सोयीसाठी ५०० जणींची अधिकृत मुभा होती आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त असायच्या. कर्ज, मुदत, मुदत वाढवणं. यातून विनोद काढायचा म्हणजे काय? ओसोमे आणि कोहारूच्या त्या लांबलचक मारामारीला प्रेक्षक हसतात. मी हसले नाही. दोघी पहिल्या नंबरासाठी भांडतात, कारण नंबर गेला की अंगावरचे कपडेही उधारीचे होतात.

काटेकोर

उंबरठा, तुम्ही हसला नाहीत ते दिग्दर्शकाला चाललं असतं, असं मला वाटतं. मारामारीचा तो प्रसंग पुन्हा पाहा. अंगणापासून वरच्या मजल्यापर्यंत त्या दोघी केस धरून, कपडे फाडून झगडतात आणि कॅमेरा दोघींना सोडत नाही. गंमत म्हणून सुरू होतं आणि लांबत लांबत जातं, इतकं की पाहणाऱ्याचा श्वास फुलतो. एवढी लांबी नुसत्या हशासाठी कुणी ठेवत नाही. साचिको हिदारी त्यात ओसोमे आहे. वय पुढे सरकतंय हे तिला कळलंय, घराला कळलंय, गिऱ्हाइकांना कळलंय. हे तिने एकही रडका शब्द न बोलता दाखवलंय.

शिवाय चित्रपट कधी आला ते बघा. जपानात वेश्याव्यवसायविरोधी कायदा १९५६ मध्ये संमत झाला आणि शिक्षेची कलमं एप्रिल १९५८ पासून लागू व्हायची होती. चित्रपट आला जुलै १९५७ मध्ये. श्रेयनामावलीच्या वेळी पडद्यावर १८६२ चं नव्हे, १९५७ चं शिनागावा दिसतं. आगगाडी, मोटारी, आणि सागामियाच्या जागी सागामी हॉटेल. निवेदक सांगतो की हा सगळा मोहल्ला आता काही महिन्यांत बंद होणार. शोगुनशाही मोडतेय तेव्हाही त्या बायका तिथेच, आणि जवळपास शंभर वर्षांनी, सरकार बदललं, युद्ध होऊन गेलं, परदेशी सैन्य येऊन गेलं, तरी त्या तिथेच. जे सामुराई देश बदलायला निघाले होते त्यांनी तो बदललाही. या घराचा धंदा मात्र चालूच राहिला. ही तक्रार चित्रपटाने सुरुवातीच्या त्या काही मिनिटांत नोंदवून ठेवलीय, आणि म्हणूनच ओहिसा बाहेर पडते तेव्हा त्या घरातल्या बायकांपैकी तीच तेवढी सुटते याचं दुःखही होतं. बाकीच्यांना साहेइजी सोडवू शकत नाही. तो दुरुस्ती करणारा आहे, घर पाडणारा नाही.

इतिहासवेडा

एक भर घालतो. सहलेखक आणि सहायक दिग्दर्शक होते शोहेइ इमामुरा, पुढे कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक दोनदा मिळवणारे. तळातल्या माणसांचं, विशेषतः बायकांचं, चिवटपणे जगणं हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यांच्या १९६३ च्या चित्रपटात प्रमुख भूमिका याच साचिको हिदारीची होती आणि त्यासाठी तिला बर्लिनला पुरस्कार मिळाला. तेव्हा उंबरठा यांचा प्रश्न त्या लेखकांच्याही मनात असणार.

आणि कथेचे तुकडे वाटतात त्याचं कारण सोपं आहे. साहेइजी, किन्झोचं जीव देणं, तीन शपथपत्रं, खोटी कबर, या राकुगोतल्या वेगवेगळ्या जुन्या गोष्टी आहेत. राकुगो म्हणजे उशीवर बसून एकट्याने सगळी पात्रं वठवायची कथनाची कला. लेखकांनी त्या सगळ्या एकाच छपराखाली आणल्या आणि त्यात खरी आग आणून ठेवली. राकुगोतला साहेइजी शेवटी निव्वळ ठक निघतो. खोकला खरा मानून त्याला माणूस केलं ते चित्रपटाने.

चांदणभूल

सगळ्यांचे आभार, आता पुन्हा बघणारच. काटेकोरकाका, बोटीतल्या प्रसंगाबद्दल सांगाल? तिथे साहेइजीचा सूर एकदम बदलतो आणि मला त्याचं कारण नीट लागलं नाही. आणि शेवटाबद्दलही. कुठेतरी वाचलं की दिग्दर्शकाला वेगळाच शेवट हवा होता.

काटेकोर

बोटीत ताकासुगीने त्याला मारायच्या इराद्यानेच नेलेलं आहे, कारण कटाची खबर असलेला हा एकटाच बाहेरचा माणूस. एरवी साहेइजी वाकतो, हसतो, 'मालक मालक' करतो. तिथे तो वाकत नाही. अडचण झाली की सामान्य माणसाचा जीव घ्यायचा, हेच का तुमच्या दोन तलवारींचं तत्त्वज्ञान, असं तो तोंडावर विचारतो. तुम्ही शेतकऱ्यांकडून आणि आमच्यासारख्यांकडून पिळून काढलेल्या पैशावर देशभक्तीच्या गर्जना करत फिरलात तरी तुमचं भागतं, आमचं भागत नाही, असा त्याचा रोख आहे. वगातला सोंगाड्या राजाच्या दरबारात एकदम खरं बोलून जातो आणि राजालाही ते ऐकून घ्यावं लागतं, तसा तो क्षण. यापुढे ताकासुगी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. त्या भूमिकेत युजिरो इशिहारा आहे, आदल्याच वर्षी बेफिकीर श्रीमंत तरुणांच्या चित्रपटांतून निक्कात्सु कंपनीचा सर्वांत मोठा तारा झालेला. स्टुडिओला तोच नायक म्हणून हवा असणार हे उघड आहे, कंपनीने निर्मिती पुन्हा सुरू केल्याच्या तिसऱ्या वर्षदिनाचा हा चित्रपट होता. कावाशिमाने त्याला बाजूला बसवलं आणि गोल चेहऱ्याच्या ड्रमरला मध्ये आणलं.

मला त्या बोटीत आणखी एक गोष्ट दिसते. एक माणूस मरायला तयार आहे आणि त्याला त्याचा अभिमान आहे. दुसऱ्याच्या छातीत मरण बसलेलं आहे आणि तो जगायला निघालाय. आणि इतिहासवेडा यांनी वर लिहिलंय ते जोडून बघा, खरा ताकासुगीसुद्धा शेवटी क्षयानेच गेला. १९५७ च्या प्रेक्षकाला हे ठाऊक होतं. साहेइजी खोकतो तेव्हा तो शेजारी उभ्या असलेल्या त्या धडधाकट तरुणाचंही पुढचं आयुष्य खोकत असतो.

शेवटाबद्दल तुम्ही वाचलंत ते बरोबर. कावाशिमाच्या मनात असं होतं की साहेइजी कबरस्तानातून पळत सुटेल, चित्रीकरणाचा सेट ओलांडेल, स्टुडिओच्या बाहेर पडेल आणि तशाच वेशात १९५७ च्या शिनागावाच्या रस्त्यावर येईल, जिथे चित्रपटातलीच माणसं आजच्या कपड्यांत उभी असतील. बरोबरच्या लोकांनी विरोध केला, साकाईनेही केला, आणि ते चित्रित झालं नाही. पुढच्या पिढीतल्या दिग्दर्शकांना त्या न झालेल्या शेवटाची फार ओढ वाटत आली आहे. हिदेआकी आन्नो त्यांतला एक.

मला मात्र पडद्यावर आहे तोच शेवट हवा. कारण सांगतो. पहाटे साहेइजी हळूच निसटतोय, काम संपलंय, गाठीला पैसे आहेत. इतक्यात गावाकडचा तो बावळा श्रीमंत मोकुबेई त्याला गाठतो, कोहारू हवी म्हणून हटून बसतो. साहेइजी सांगतो ती मेली. मग कबर दाखव. तो कुठल्यातरी भलत्याच दगडाकडे बोट दाखवतो, खोटं उघडं पडतं, आणि मोकुबेई चिडून म्हणतो की खोटारड्या, नरकात जाशील. एवढा वेळ शेकडो थापा पचवलेला साहेइजी या एका वाक्याने हादरतो. दिवसभर दुसऱ्याच्या मरणाची नाटकं सोडवली, आता कबरींच्या मधोमध उभं राहून कुणी त्याच्याच मरणाचा विषय काढला. तो ओरडतो की नरक नाही आणि स्वर्गही नाही, मी अजून जगणार आहे! आणि पळतो.

तो १९५७ मध्ये पोचला असता तर त्याचं पळणं दिग्दर्शकाचं झालं असतं, एक विचार झालं असतं. तोकाइदोच्या, म्हणजे एदोहून क्योतोला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर पळतो तेव्हा ते त्याचं स्वतःचं राहतं. त्याला कुठल्या युगात पोचायचं नाहीये. पुढच्या श्वासापर्यंत पोचायचंय. कावाशिमाला स्वतःला स्नायू हळूहळू निकामी करत जाणारा आजार होता, चालणं अवघड झालं होतं, आणि हा चित्रपट केल्यावर सहा वर्षांनी, १९६३ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. त्या सहा वर्षांत त्याने एकामागून एक चित्रपट केले. नीट चालता न येणाऱ्या माणसाने इतकं वेगाने पळणारा माणूस पडद्यावर आणला, हे मला माहीत झाल्यापासून त्या दृश्याकडे मी फक्त पायांसाठी बघतो.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा शक्य असेल तर डिजिटल पुनर्संस्कार झालेली प्रत मिळवा, निक्कात्सुच्या शताब्दीनिमित्त केलेली. अडगळीच्या खोलीतला अंधार तीत स्वच्छ दिसतो, आणि घड्याळ उघडलेलं असताना त्याची बोटंही. पहिला अर्धा तास नावं लक्षात ठेवायची धडपड करू नका. कोण कुणाचं देणं लागतो एवढंच बघा.

उंबरठा

मारामारीचा प्रसंग पुन्हा पाहिला. शेवटी शेवटी तिचा श्वास लागलेला ऐकू येतो, ते पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नव्हतं. बायकांबद्दलचं माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही, पण ओहिसाच्या दहा वर्षांच्या उधारीवर मी अजून विचार करतेय. पैसे फेडायला ती आली तेव्हा साहेइजी असेल का?

काटेकोर

माझा जीव 'हो' म्हणतो.